वरवंट्याच्या कानात सांगितलेलं नाव

आये, मी आजी झाले. माझ्या लेकीला मुलगी झाली. गोरी नाही, काळी नाही, कोलंबी उकडली की कशी होते तसल्या रंगाची, आणि डोक्यावर एवढं जावळ की डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, हिला इथून थेट पार्लरला न्या. हे तुला सांगायचं म्हणून लिहायला बसले खरी, पण तुला वाचता येत नव्हतं, आणि मला तू चौथीतनं काढून बोंबील वाळत घालायला बसवलंस, म्हणजे लिहिणारी नि वाचणारी दोघी सारख्याच. माझं अक्षर बघून लेक म्हणते, आई, हे काय, मुंग्या चालल्यात का? चालू देत. मुंग्या बरोबर पोचतात जिथे पोचायचं तिथे.

आम्ही अजून कांदिवलीलाच आहोत, पण तू पाहिलेली चाळ पाडली, त्या जागी टॉवर उभा राहिला. आता नवव्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये आरसा आहे. तू असतीस तर रोज त्यात बघून अंबाड्यावरची वेणी नीट केली असतीस आणि टोपली घेऊन ऐटीत उतरली असतीस, मग सेक्रेटरीने नोटीस लावली असती की लिफ्टमधून मासळी नेऊ नये. तशी लावलीच आहे. आपल्याच घरासाठी लावलीय, दुसरं कोण नेतं? जुन्या सामानातलं फार काही राहिलं नाही. पाटा टेम्पोत फुटला. वरवंटा मात्र आहे, कारण तो मी माझ्या मांडीवर घेऊन बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, खाली ठेवा की तो दगड. मी म्हटलं, तू गाडी बघ. आता मसाला मिक्सरमध्ये वाटते, वरवंटा ओट्याच्या कडेला खिडकीत उभा असतो. जावई त्याला विचारतो, काय पाहुणे, चहा घेणार? त्याला काय माहीत.

पाचवी घरीच केली. जावई मुलुंडचा, आईवडील दोघे बँकेत होते, तसा गुणाचा आहे, पण विळा आण म्हटलं तर पिझ्झा कापायचं चाक घेऊन आला. लोखंडाचं काहीतरी लागतं ना, म्हणे. हसून हसून माझे डोळे भरले. मग तेच ठेवलं. सटवीने आजवर काय काय बघितलं असेल, हेही बघेल. पाटावर तांदूळ, सुपारी, हळदकुंकू, वरवंटा उभा केला, बाजूला कोरा कागद नि पेन. कागद दोन ठेवले. लेक पलंगावरून म्हणाली, "दोन कशाला गं?" मी म्हटलं, "एकावर शाई सांडली तर?" "बॉलपेन आहे, आई." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तू दोन ठेवायचीस म्हणून मी दोन ठेवते. तू कशासाठी ठेवायचीस ते तिला मी कधी बोलले नाही. तिला वाटतं ती माझी पहिली.

त्या पहिलीबद्दलच लिहायचं होतं, बाकीचं तोंडाला आलं म्हणून लिहिलं. ती तुझ्याच घरात झाली, पावसाळा संपून होड्या पुन्हा दर्यात जायला लागल्या होत्या. पाचवी उजाडायच्या आत गेली. अंग गरम झालं, दूध ओढेना, आणि तू तिला पदरात गुंडाळून दवाखान्याकडे धावलीस ती परत चालत आलीस. चालत आलीस त्यावरूनच मला कळलं. मी कशी होते मला आठवत नाही, पण तू आठवतेस. तू रडली नाहीस. तू चुलीपुढे बसून म्हणालीस, "सटवीनं लिवलं पन नाय तिच्या कपालावर. कोरीच गेली." गल्लीतल्या बायका म्हणाल्या, लिहिलं नाही तर भोगायचंही नाही, सुटली बिचारी. ते तुला पटलं नाही. तुझं म्हणणं, वर सगळ्या जिवांचं लिहिलेलं असतं, मुंगीचं पण, मांदेलीचं पण. कोण कुठून आला, कुठे गेला, काही पुसलं जात नाही. मग आपल्याच पोरीचं का नसावं? आणि नसलं तर तिला तिथे ओळखायचं कोणी?

मग बाराव्या दिवशी तू बारसं केलंस. आये, आज मी म्हणते की तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर होतं, आणि बाकी सगळ्यांची फिरली होती. पण त्या दिवशी मी आतल्या खोलीत चटईवर पडून दाराच्या फटीतनं बघत होते आणि मला वाटत होतं, आता ही पण गेली हातची. भर दुपार, माशा घोंघावतायत, आढ्याला तुझ्या हिरव्या लुगड्याची झोळी बांधलेली. बारशाला आधी वरवंटा पाळण्यात घालतात, मग बाळ. तू वरवंटा न्हाऊ घातलास, पुसलास, काजळ लावलंस. शेजारची म्हातारी उंबऱ्यात उभी राहून ओरडली, "अगं ए, पोर नाय आनि बारसं कसलं मांडलंस?" तू मान वर न करता म्हणालीस, "पोर नाय म्हनून नाव पन ठेवायचं नाय? वर इचारतील, कोन गं तू, तवा काय सांगंल ती? मना नाव नाय?" म्हातारीने आत येऊन झोळीची दुसरी बाजू धरली. मग तू वाकलीस आणि वरवंट्याच्या कानात नाव सांगितलंस. दगडाला कान कुठे असतो ते तुलाच ठाऊक. बारशाला नाव सांगताना आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात, हसतात. तुझ्या पाठीत कोणी धपाटा घातला नाही. तू किती वेळ वाकून होतीस. मला वाटलं, नाव एवढं लांब असतं का?

मला ते ऐकू आलं नाही.

महिन्याभराने तू मला बोरिवलीच्या बाजारात सोबत न्यायला लागलीस, घरात बसून वेडी होशील म्हणून. मी बर्फ फोडायचे, पापलेटावर पाणी मारायचे, बस. तुझं एक गिऱ्हाईक होतं, चष्मेवाली बाई, शाळेत शिकवायची, दर बुधवारी यायची, मासे बघताना चष्मा नाकावर घसरायचा आणि तू म्हणायचीस, बाई, डोले माशाचे बगा, तुमचे नंतर. तुझा डबा द्यायला मी बाजारात यायचे तेव्हा माझं पोट तिने पाहिलं होतं. तिने विचारलं, "काय झालं हो लेकीला?" मी बर्फाकडे बघत होते. तू सुरी न थांबवता म्हणालीस, "मुलगी हाय. मस्त हाय." बाई खूश झाली. "नाव काय ठेवलं?" मी उठले आणि नळावर गेले. हात धूत बसले, हात स्वच्छ होते तरी. परत आले तेव्हा बाई जात होती, माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, फार गोड नाव आहे हो. मी तुला म्हटलं, आये, खोटं का बोललीस? तर तू सुरी खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलंस की अजून आठवलं तर पाठ ताठ होते. "काय खोटं बोलली मी? मुलगी झाली ती खोटी? नाव ठेवलं ते खोटं? तुना रडायचं तं रड. माझ्या तोंडाला हात लावू नको."

आणि तू थांबली नाहीस. दर बुधवारी बाई विचारायची आणि तू सांगायचीस. पालथी पडते. दात आले. चालायला लागली, उंबऱ्यात धडपडते. आधी मी पाटी उचलून लांब जायचे. मग मी जायचं थांबवलं. मग, आये, खरं सांगते, मी बुधवारची वाट बघायला लागले. तू हिशेबाने सांगायचीस, एकदम मोठी केली नाहीस, जशी वाढली असती तशीच वाढवलीस. गोवर पण काढलास तिचा. एकदा बाईने कागदात गुंडाळून पिवळा फ्रॉक आणला, गळ्याला पांढरी लेस, म्हणाली, माझ्या हातचा आहे, तिला होईल ना? तू तो हातात घेतलास, मापाने बघितलास आणि म्हणालीस, "जरा मोटा हाय. पुडल्या वरसाला येल." नंतर बाईची बदली झाली. तिच्यासाठी ती मुलगी अजून कुठेतरी असेल. चाळिशीची. लग्न होऊन गेलेली.

पुढे माझी ही लेक झाली, तुझी लाडकी, तिला तो फ्रॉक घालायला गेले तर तू हातातनं काढून घेतलास. "तो हिचा नाय." हिच्या बारशाला तू वरवंट्याला तो फ्रॉक घातलास. सगळ्यांना वाटलं म्हातारीची गंमत. घरातल्या प्रत्येक बारशाला मग वरवंटा पिवळा फ्रॉक घालून आधी पाळण्यात जायचा, आणि प्रत्येक पाचवीला दोन कागद. एक हिचा, एक राहिलेलीचा. एवढंच एकदा तू माझ्याशी बोललीस, भाकरी थापता थापता. त्यानंतर तू कितीतरी वर्षं होतीस, हिची दहावी बघून गेलीस. मी कधीही विचारू शकले असते, आये, नाव काय सांगितलंस? एक वाक्य. विचारलं नाही. मला वाटायचं, हाक मारणारी तू आहेस ना, मग मला कशाला?

आता विहीणबाईंचं सांगते, म्हणजे मी हे सगळं का उकरते ते कळेल. जावयाची आई. नाकीडोळी नीट, इस्त्रीची साडी, मला 'अहो ताई' म्हणते, मी तिला 'विहीणबाई' म्हणते, आणि दोघी मनातल्या मनात एकमेकींचं माप काढतो. पहिल्यांदा आमच्याकडे जेवली तेव्हा सुकटीची चटणी बघून म्हणाली, "हे झुरळासारखं काय आहे?" मी म्हटलं, "झुरळं महाग झालीत, म्हणून सुकट केली." तेव्हापासून आमचं जमतं. तिचा नवरा साथीत गेला. हॉस्पिटलच्या दारात सोडलं ते शेवटचं. भेट नाही, दर्शन नाही. त्यानंतर तिने मोबाईलवर एक कोर्स केला, आत्म्यांची नोंद वाचायचा. ती सांगते, आकाशात सगळ्या आत्म्यांची नोंद आहे, या जन्माची, मागल्या, पुढल्या, काही पुसलं जात नाही, आणि शांत बसलं, नाव घेतलं की ती उघडते. मी ऐकतच राहिले. तुझंच बोलणं, नुसतं इस्त्री केलेलं.

पाचवीनंतर एका सकाळी ती बाळाला मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली. लेक मला खुणावत होती, हसू नकोस. मी हसायच्याच बेतात होते. वर पंखा फिरतोय, कुकरच्या शिट्ट्या चालल्यात. बऱ्याच वेळाने विहीणबाई म्हणाली, "ताई, ही या घरात नवीन नाहीये. ही तुमच्याकडे आधी येऊन गेलीय." लेक म्हणाली, "अय्या, म्हणजे पणजी का? आईची आई?" विहीणबाईने मान हलवली. "नाही. लहान होती. फार थोडा वेळ होती." माझ्या हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. लेक म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "तेल लागलं हाताला."

तिला कोणी सांगितलं? मी नाही. कोणीही नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, अंदाजानं बोलली, प्रत्येक घरातनं कोणी ना कोणी लहान गेलेलंच असतं. तेही खरं. पण मी दुपारी तिला एकटीला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, जी आली होती ती कोण, बघता येईल का? तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "नाव लागतं, ताई. नावाशिवाय दार उघडत नाही. नाव काय होतं?" आणि मी, तुझी मुलगी, जिला बाजारात बोलण्यात कोणी हरवलं नाही, मी खिडकीतल्या दगडाकडे बघत उभी राहिले.

तेव्हापासून मला चैन नाही. आनंद आहेच, खोटं कशाला बोलू. नातीला तेल लावते तेव्हा पाय असे झाडते की वाटतं जिवंत बोंबील हातात आला. पण ती तीच असेल तर? एकदा पाचवीआधी निघून गेलेली, तिला जायची वाट माहीत आहे. ती झोपली की मी नाकापाशी बोट धरते. लेक ओरडते, आई, सारखी काय तपासतेस, श्वास घेतेय ती. आणि ती ती नसेल तर? मग माझी ती अजून तिथेच कुठेतरी उभी असेल, आणि मी इथे हिच्यात रमून तिला विसरले असं होईल ना? दोन्हीकडून जीव टांगलेला. रात्री मी झोपते हं, गोळी घेते बीपीची. दुपारचंच अवघड जातं. घर शांत, लेक झोपलेली, बाळ झोळीत. अजून झोळीच लागते हिला, पाळणा भाड्याचा होता, बारशापुरता. ती डोळे उघडते आणि माझ्या खांद्यावरून मागे बघते. मागे ओट्याच्या खिडकीत तो उभा. आणि हसते. सटवी हसवते बाळाला, तू म्हणायचीस. लेक म्हणते, गॅस.

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. पाळण्याला फुगे, एलईडीच्या माळा. मी पिशवीतनं वरवंटा काढला, फ्रॉक घातलेला. पिवळा आता वरणासारखा झालाय, लेस मात्र तशीच. डेकोरेशनवाला म्हणाला, "मॅडम, पाळणा नाजूक आहे, दगड नाही चालणार." मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाली, "मोडला तर मी भरेन. तुम्ही बाजूला व्हा." मग आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या राहिलो. पाळण्यावरनं द्यायचं, खालनं घ्यायचं. मी वरवंटा दिला. बायका हसत होत्या, फोटो चालले होते. विहीणबाईने तो घेतला, आये, आणि एक हात त्याच्या मानेखाली धरला. दगडाला मान कुठे असते? पण तिने बरोबर धरला, नवं बाळ धरतात तसा, मान लटकू नये म्हणून. मला म्हणाली, अगदी हळू, "हीच का?" मी मान हलवली. तिने त्याला कपाळाशी लावलं आणि पाळण्यात ठेवलं. मग बाळ आलं, आत्याने कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत एवढे धपाटे बसले की ती रडवेली झाली. हॉल हसत होता. मी पण.

नंतर विहीणबाई एकदाच त्यावर बोलली, निघताना, चपला घालता घालता. "मला शिकवलंय नाव लागतं म्हणून. पण ह्यांचं नाव मला माहीत आहे, ताई, रोज घेते, तरी मला काही दिसत नाही. दुसऱ्यांचं दिसतं. ह्यांचं नाही." मी तिला सुकट बांधून दिली. दुसरं काय देणार?

आता या कागदाचं. हा तो दुसरा कागद, पाचवीला ठेवलेला. सकाळी बघितला तर कोराच होता. त्याची जागा केव्हाच संपली, पुढचे लेकीच्या प्रिंटरमधले घेतले. लिहून झालं की घडी करून वरवंट्याखाली ठेवेन. टपाल तिथपर्यंतच जातं.

आणि एक. रोज दुपारी मी बाळापुढे बसून वरवंट्याकडे बघत एकेक नाव घेते. तुझ्या आईचं, खाडीपलीकडच्या देवीचं, तू होडीला द्यायचीस ती सगळी, तुझ्या त्या मैत्रिणीचं जी लग्न होऊन वसईला गेली. बाळ नुसतं बघतं, जांभई देतं. गेल्या आठवड्यात एक नाव घेतलं. साधंच आहे, तू आम्हाला ओरडताना पण कधीतरी तेच नाव तोंडात यायचं तुझ्या, आणि मग तू गप्प व्हायचीस. बाळ खुदकन हसलं. आवाज करून, पहिल्यांदाच. लेक आतून धावत आली, आई, हसली का? मी म्हटलं, हसली.

ते नाव मी इथे लिहीत नाही. बरोबर असेल तर तुला ठाऊकच आहे. पण त्यानंतर मी ते पुन्हा घेतलेलं नाही, आये. रोज ओठापर्यंत येतं. दुसऱ्यांदा हसली नाही तर काय करू, म्हणून घेत नाही.